पहिल्यांदा मिनी गोल्फ खेळताय? आधी जोर जमवा, नेम मागून येतो

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीनंतर घरची दहा माणसं गुहागरच्या बाजूला चार दिवस जाणार आहेत. जिथे उतरणार आहेत तिथे मिनी गोल्फच्या लेन, म्हणजे खेळायच्या कडा बांधलेल्या पट्ट्या आहेत. घरात कोणी आजवर पटर, म्हणजे बॉल ढकलायचा दांडा, हातात धरलेला नाही. बरोबर आठ वर्षांचा मुलगा आहे आणि सत्तरीच्या सासूबाई आहेत. खेळ कळेल का, सासूबाईंना झेपेल का, साडीवर खेळता येतं का, आणि चारचौघांत आपलं हसं तर होणार नाही ना, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी नऊ वर्षं आखातात एका हॉटेलात मेंटेनन्सच्या कामावर होतो. तिथे अठरा लेनचा मिनी गोल्फ होता आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. गावी परतल्यावर चुलतभावाच्या नारळी-पोफळीच्या वाडीत आम्ही नऊ लेन बांधल्या. त्यांना कडा चिऱ्याच्या आहेत, खाली कोबा आणि वर हिरवा टर्फ, म्हणजे नकली गवत. तेव्हापासून चौदा वर्षं पहिल्यांदा पटर धरणारी माणसंच मी रोज बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हसं होण्याचं आधी सांगतो. होणार नाही. लेनवर येणारी बहुतेक माणसं तुमच्यासारखीच पहिल्यांदा आलेली असतात. शिवाय या खेळात ताकदीचं काम जवळजवळ नाहीच. मोठ्या गोल्फमध्ये बॉल दोनशे-अडीचशे मीटर उडवावा लागतो, त्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. इथे बॉल जमिनीवरून घरंगळतच जायचा असतो. दांडा एकच, पटर. लेनच्या एका टोकाला बॉल ठेवायचा आणि कमीत कमी फटक्यांत दुसऱ्या टोकाच्या होलमध्ये घालायचा. सगळ्या लेनची बेरीज ज्याची कमी, तो जिंकला.

नवीन माणसाची चूक नेहमी एकाच जागी होते. तो नेम धरण्यात सगळा जीव ओततो आणि जोराचा विचारच करत नाही. डोळा मिटून, मान वाकडी करून, दोन मिनिटं नेम धरतो आणि मग असा हाणतो की बॉल होलवरून उडून पलीकडच्या कडेला आपटतो आणि अर्धी लेन परत येतो. दुसऱ्यांदा घाबरून इतका हळू मारतो की बॉल मध्येच थांबतो. दिशा दोन्ही वेळा बरोबर होती. मी नवख्यांना पहिल्या लेनवर होलकडे बघूच देत नाही. म्हणतो, तीन बॉल मारा आणि तिन्ही एकाच ठिकाणी थांबवून दाखवा.

यामागचं कारण साधं आहे. गोल्फच्या होलचा व्यास १०.८ सेंटिमीटर आणि बॉलचा ४.२७ सेंटिमीटर. म्हणजे अडीच बॉल शेजारी शेजारी मावतील एवढं तोंड. पण हे एवढं मोठं तोंड फक्त हळू येणाऱ्या बॉलसाठी. जोरात आलेल्या बॉलला खाली पडायला वेळच मिळत नाही. तो अगदी मधोमध आला तरच पलीकडच्या काठाला धडकून आत जातो. बोटभर बाजूने आला की काठावर अर्धा फेरा मारतो आणि बाहेर पडतो. फारच हळू मारला तर शेवटी शेवटी जमिनीतला लहानसा उंचवटासुद्धा त्याला वळवतो. मधला जोर कोणता म्हणाल, तर होल नसतंच तर बॉल हातभर पुढे जाऊन थांबला असता, एवढा. हातभर म्हणजे आपला जुना हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा. हे एक माप मनात धरा.

याचा सराव घरीही होतो, पटर लागत नाही. कुठलाही छोटा कडक बॉल घ्या. हॉलमध्ये बसून तो हाताने घरंगळत सोडा आणि समोरच्या भिंतीच्या बरोबर एक फरशी अलीकडे थांबवायचा प्रयत्न करा. दहा-बारा वेळा केलं की हाताला आपोआप अंदाज येतो. हे सासूबाईंनाही करायला लावा, खुर्चीत बसून जमतं.

आता उभं राहायचं कसं ते सांगतो. पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे जरासे सैल. कमरेतून वाका, इतकं की खाली बघितल्यावर बॉल डोळ्यांच्या बरोबर खाली दिसेल. डोळा बॉलच्या बाजूला राहिला की सरळ रेष तिरकी दिसते, आणि मग माणूस म्हणतो, मी सरळच मारला होता. दोन्ही हात दांड्यावर एकाला एक लागून, दोन्ही अंगठे दांड्यावर सरळ खाली. पकड सैल हवी. पिकलेला काजूचा बोंडू धरतो तशी: पडू तर द्यायचा नाही, पण दाबला तर रस अंगावर उडेल आणि डाग जायचा नाही. फटका मारताना मनगट मोडू नका. खांदे, हात आणि दांडा मिळून एकच झोका घ्यायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. जोर वाढवायचा तर हात आवळू नका, झोका लांब घ्या. जेवढा मागे तेवढाच पुढे. आणि बॉल निघून गेला तरी मान खालीच ठेवा. बॉल होलमध्ये पडल्याचा टक् असा आवाज कानाने ऐकायचा. नवीन माणूस मारता मारताच वर बघतो, त्याबरोबर खांदा उचलला जातो आणि बॉल डावीकडे पळतो.

लेन समजायची कशी, हे मला स्वतःला एका काकूंनी शिकवलं. आमच्या शेजारच्या वाडीतल्या, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. आमच्या चौथ्या लेनवर प्रत्येकाचा बॉल डावीकडे जायचा आणि मला कळत नव्हतं का ते. लेव्हल लावून बघितली, बुडबुडा मध्येच होता. शेवटी टर्फ काढून कोबा उघडा केला. काकू परडी घेऊन अबोलीची फुलं द्यायला आल्या होत्या, त्या थांबून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अरे, तांब्याभर पाणी ओत की. पाणी खोटं बोलत नाही." ओतलं. पाणी दोन हात सरळ गेलं, मग होलच्या थोडं अलीकडे सावकाश डावीकडे वळलं आणि चिऱ्याच्या कडेला जाऊन साठलं. उतार सगळ्या लेनला नव्हता, शेवटच्या हातभर जागेतच होता, आणि माझी लेव्हलची पट्टी मी भलत्या जागी ठेवत होतो. काकूंचा सगळा जन्म खळं चोपण्यात आणि सारवण्यात गेला होता. सुपारी वाळत घालायची तर पाणी कुठे साचेल हे आधी बघावं लागतं, त्यामुळे जमिनीचा कल त्यांना डोळ्यांनी दिसत होता.

मी टर्फ परत घातला, पण उतार तसाच ठेवला. त्यानंतर काकूंच्या हातात पटर दिला. त्यांनी पदर खोचला, होलच्या उजवीकडे वीतभर बघितलं आणि हलकेच मारला. बॉल सरळ गेला, जोर ओसरायला लागला तसा डावीकडे कलला आणि होलच्या तोंडाशी थांबला. दुसऱ्या फटक्यात आत.

यात एक बारकावा आहे तो लक्षात ठेवा. बॉल जोरात असतो तेव्हा उताराला फारसं जुमानत नाही. तो सगळ्यात जास्त वळतो ते थांबायच्या आधी. म्हणून बॉलजवळची जमीन बघण्यात वेळ घालवू नका, होलजवळची दोन-तीन हात जमीन नीट बघा. तुम्हाला लेनवर पाणी ओतता येणार नाही. होलच्या मागे जाऊन उकिडवं बसा आणि मनात विचारा, आत्ता इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल? जिथे जाईल त्याच्या उलट बाजूला नेम धरायचा.

कडेवर आपटून बॉल वळवायचा प्रसंग बऱ्याच लेनवर येतो, कारण लेन काटकोनात वळलेली असते किंवा मध्ये अडथळा असतो. ज्यांच्या घरी कॅरम आहे त्यांना हे पटकन जमतं, तुमच्या घरी असेलच. होल कडेपासून जेवढं लांब, कडेपलीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरं एक होल आहे असं समजायचं, आरशात दिसावं तसं, आणि त्या खोट्या होलवर नेम धरायचा. पण कॅरमचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. स्ट्रायकरचा व्यास जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास बॉलएवढाच, पण वजन १५ ग्रॅमच्या आत. गोल्फचा बॉल ४६ ग्रॅमच्या आसपास, तिपटीने जड. शिवाय स्ट्रायकर घसरत जातो आणि बॉल फिरत जातो. हळू मारलेला बॉल चिऱ्यावर आपटला की त्याचा बराच जोर तिथेच जातो आणि अंगातल्या फिरकीमुळे तो कडेला धरून पुढे सरकतो. आरशाने सांगितलं त्यापेक्षा तो कडेलगत जास्त लांब जातो. म्हणून कडेवर आपटायची जागा आपल्याकडे वीतभर अलीकडे घ्या. लाकडी कडा असतील तर जोर आणखी खाल्ला जातो, पक्क्या सिमेंटच्या असतील तर कमी. पहिल्या लेनवर एक बॉल मुद्दाम कडेवर मारून बघा, तिथल्या कडांचा स्वभाव कळेल.

परदेशातल्या लेनवर फिरती पवनचक्की असते. आमच्या सातव्या लेनवर तिच्या जागी रहाट आहे, गाडग्यांचा, मोटरवर हळू फिरणारा. दोन गाडग्यांच्या मधून बॉल पलीकडे काढायचा. नवीन माणूस वाट मोकळी दिसली की मारतो आणि बॉल तिथे पोचेपर्यंत पुढचं गाडगं आडवं आलेलं असतं. अशा कुठल्याही फिरत्या अडथळ्यापुढे आधी तीन फेरे नुसते बघा आणि तोंडाने मोजा. गाडगं वाटेत येतं तेव्हा "एक", वाट मोकळी होते तेव्हा "दोन". बॉलला तिथवर जायला जेवढा वेळ लागतो तेवढं आधी मारायचं. बहुतेकदा वाट बंद दिसत असतानाच मारावं लागतं. मनाला ते पटत नाही, पण बॉल बरोबर निघून जातो. या एकाच ठिकाणी जोर थोडा जास्त चालतो.

नियम जागोजागी थोडे वेगळे असतात, काउंटरवर विचारून घ्या. सगळीकडे साधारण चालणारं सांगतो. प्रत्येकाने वेगळ्या रंगाचा बॉल घ्यायचा. एका लेनवर सहा फटक्यांत बॉल गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढच्या लेनवर जायचं. हा नियम स्पर्धेतही आहे आणि नवीन माणसासाठी फार चांगला आहे, एका लेनवर माणूस रडकुंडीला येत नाही. बॉल कडेला चिकटून थांबला तर पटरच्या डोक्याएवढा आत घेता येतो. लेनबाहेर गेला तर जिथून बाहेर पडला तिथे परत ठेवायचा. काही ठिकाणी त्याचा एक फटका जास्त धरतात. लहान लेनवर एकाने आपला बॉल होलमध्ये घालून संपवायचा आणि मगच दुसऱ्याने सुरू करायचं, हे सोयीचं पडतं. मोठ्या लेनवर सगळ्यांनी पहिला फटका मारून घ्यायचा आणि मग ज्याचा बॉल होलपासून लांब त्याने आधी मारायचं. लेन अरुंद, तयार बसवलेल्या सिमेंटच्या असतील तर त्यांच्यावर पाय देऊ नका, बाहेर उभं राहूनच मारायचं असतं. स्पर्धेच्या लेनचं माप ठरलेलं आहे: लहान लेन सव्वासहा मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद, काँक्रीटची मोठी लेन १२ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद. काँक्रीटच्या या ठरलेल्या मापाच्या लेन पॉल बोंग्नी या स्विस माणसाने आखल्या. पहिल्या १९५४ साली स्वित्झर्लंडमधल्या अस्कोनाला झाल्या.

सासूबाईंना झेपेल का म्हणालात. त्यांना हे जरूर सांगा. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज म्हणून गाव आहे, गोल्फचं माहेरच म्हणा. तिथल्या बायकांना खेळायचं होतं, पण बाईमाणसाने दांडा खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं त्या काळी सभ्य समजत नसत. म्हणून १८६७ साली त्यांच्यासाठी फक्त पटिंगचं वेगळं मैदान झालं आणि बायकांचा क्लब सुरू झाला. तो क्लब आजही चालू आहे. मैदानाला इतके उंचवटे-खोलगे आहेत की त्याचं नाव पडलं 'हिमालय'. मिनी गोल्फचं मूळ बरेच जण तिथेच मानतात. पुढे १९२२ च्या सुमारास थॉमस फेअरबेर्न या माणसाने सरकीची टरफलं दळून, त्यात वाळू, तेल आणि रंग मिसळून हिरवळीऐवजी चालेल असा थर तयार केला, आणि गवत न वाढणाऱ्या ठिकाणीही हा खेळ पोचला. आमच्या जांभ्या कातळावर लेन होऊ शकल्या त्या याच वाटेने.

साडीवर खेळता येतं, फक्त पदर खोचून घ्या, लोंबता पदर झोक्यात अडकतो. चप्पल सपाट तळाची असू दे. समुद्रावरून थेट लेनवर येऊ नका. चपलेतली वाळू टर्फमध्ये बसली की बॉल थरथरत जातो आणि ती वाळू काढायला आम्हाला अख्खी सकाळ लागते. गुडघे दुखत असतील तर होलमधला बॉल वाकून काढायचं काम नातवाला द्या. पटर मोठ्या माणसाला ८५ ते ९० सेंटिमीटरचा लागतो, मुलांसाठी आखूड मागून घ्या. मोठा पटर खालून धरायला दिला तर मागचं टोक मुलाच्या पोटाला लागतं आणि झोकाच येत नाही.

मुलाच्या बाबतीत मी कडक आहे, ते वाचून घ्या. पटर गुडघ्याच्या वर उचलायचा नाही, आणि कोणी मारत असताना त्याच्या मागे कोणी उभं राहायचं नाही. आमच्या लेन सुरू झाल्यावर सहाव्या वर्षी एका मुलाने बॅटसारखा पटर फिरवला आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीच्या भुवईला लागला. दोन टाके पडले. डोळा वाचला तो अर्ध्या बोटाने. तेव्हापासून मी मुलांना पटर द्यायच्या आधी दोन्ही वाक्यं त्यांच्याच तोंडून म्हणवून घेतो. आठ वर्षांच्या मुलाला क्रिकेटचा हात असतो, तो पहिले पाच-सहा बॉल लेनबाहेर घालवणारच. आमच्याकडे ते वाडीच्या पाटात पडतात आणि वाहत जातात. त्याला ओरडू नका. सांगा, "बॉलला उठवायचं नाही, झोपलेला असतानाच ढकलायचा." हे वाक्य एका आजोबांचं आहे आणि मुलांना ते लगेच कळतं.

कोकणातल्या लेनचं म्हणून जे वेगळं आहे तेही सांगायला हवं. किनाऱ्याजवळ सुरूची झाडं असली तर त्यांच्या बारीक सुया आणि बोंडं लेनवर पडतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, पण हळू जाणारा बॉल एका बोंडाने हमखास फिरतो. मारायच्या आधी आपल्या वाटेवरून हाताने झाडून घ्या, तो तुमचा हक्क आहे. नोव्हेंबरात सकाळी टर्फवर दव असतं, बॉल जड चालतो आणि मागे ओली रेघ सोडतो. ती रेघ मागून खेळणाऱ्याला फुकटात वाट दाखवते, तेव्हा सकाळी खेळलात तर पहिला नंबर घेऊ नका. दुपारी टर्फ तापतो, अनवाणी पाय भाजतात. खारे वारे दुपारभर वाहतात. बॉल जमिनीलगत असल्यामुळे वारा त्याला फारसा हलवत नाही, पण वाळू आणि पालापाचोळा आणून टाकतो. नारळाच्या झाडाखाली उभं राहून नंबरची वाट बघू नका, झावळी पडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आम्ही लेन बंदच ठेवतो. चिऱ्यावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. ज्या ठिकाणी भर पावसात लेन चालू असतील तिथे म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका.

दहा जण आहात तर एकत्र खेळू नका. तीन, तीन आणि चार अशा तीन टोळ्या करा आणि प्रत्येक टोळीत एक लहान, एक मोठं माणूस घाला. चौघांना नऊ लेन संपवायला पाऊण ते एक तास लागतो, अठरा असतील तर दीड-दोन तास. टोळ्यांमध्ये एक लेन रिकामी सोडा म्हणजे मागच्यांचा बॉल पायात येत नाही. आकडे प्रत्येक लेन झाल्यावर लगेच लिहा, दोन लेननंतर कोणालाच नक्की आठवत नाही. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. साडेचारला पहिला बॉल मारलात तर नऊ लेन उजेडातच होतील, आणि पटर काउंटरला परत देऊन सूर्य पाण्याला टेकायच्या आत सगळे किनाऱ्यावर पोचाल.